ती एक ओळ ठेवली, विनूभाऊ

विनूभाऊ, तुझी तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या खोलीत बसून तुझा कोड उघडला. सुषमावहिनी दारात येऊन म्हणाली, "इतक्या लवकर, वर्षा?" मी म्हटलं, जिनिंग सुरू होईल आता, त्याआधी हे व्हायला हवं. ते खरंच होतं. पण त्याहून खरं म्हणजे तुझ्याशी भांडायची सवय मला मोडवत नव्हती, आणि भांडायला तुझा कोड तेवढा उरला होता.

तुला हे सगळं माहीत आहे. तरी एकदा सरळ मांडू दे, कारण तू असताना ते कधी सरळ मांडून झालंच नाही. तू दरवेळी मध्येच उठून जायचास.

जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस दोन मोठ्या नळांतून ओढला जातो. कापसात एखादा खिळा आला, खडा आला, आत लोखंडावर आपटला की ठिणगी पडते. ठिणगी तिथे पेटत नाही. ती कापसात दडून पुढच्या ढिगात जाते आणि मग पेटते. म्हणून आपण दोन्ही नळांवर एकेक डोळा बसवला. डोळ्याला ठिणगी दिसली की तो आपल्या छोट्या संगणकाला हाक मारणार, संगणकाने हातातलं काम टाकून झडप फिरवायची आणि तेवढा कापूस बाहेर अंगणात फेकून द्यायचा. त्या हाकेला पुस्तकात इंटरप्ट म्हणतात. तू कायम हाकच म्हणालास. हाक आली की डोळ्यांच्या कार्डावर तिची खूण उमटते, आणि ती पुसली की हाक संपते. डोळ्यांचं कार्ड आणि संगणक यांच्यात दुभाष्याचं काम करणारा ड्रायव्हर तू लिहिलास, आणि हाक आल्यावर काय काय करायचं तेही तूच ठरवलंस.

आणि काय काय करायला लावलंस रे! झडप फिरव, पाणी सोड, भोंगा वाजव, वेळ नोंदव, जिनिंगच्या मालकाला मेसेज पाठव, तो पोचला का बघ, नसेल पोचला तर पुन्हा पाठव. हे सगळं हाक ऐकणाऱ्यानेच करायचं, उभ्या उभ्या, एका दमात. आणि तोवर बाकीच्या हाकांना दार बंद.

तू स्वतः तसाच होतास, म्हणून तुझा कोड तसा झाला. देवळीच्या घराच्या फाटकाबाहेरून कोणी "विनूभाऊऽऽ" म्हणायचा अवकाश, तू ताटावरून उठायचास. पुण्याची नोकरी सोडून तू मावशीसाठी, तुझ्या आईसाठी, गावी परत आलास तेव्हा लोक म्हणाले, एवढा इंजिनिअर, आता इथे काय करणार? काय करणार म्हणजे? अख्ख्या देवळीचे कूलर, स्टार्टर आणि इन्व्हर्टर तुझ्या जिवावर सुरू होते. त्यातून वेळ उरला तर आपलं यंत्र.

केळझरची ती चतुर्थी आठवते? तू मला स्कूटरवर मागे बसवून सकाळी निघालास. वर्ध्यात कोणाचा तरी इन्व्हर्टर बघितलास. सेलूच्या अलीकडे एका बाईची पिठाची गिरणी बंद पडली होती, तिथे तू मोटर खोलून बसलास. मी चिडले, आरती चुकेल म्हणाले. तू मान वर न करता म्हणालास, "गणपती कुठी जाते व? तो बसूनच हाये. ह्या बाईचं दळण थांबून राह्यलं ना!" आरती चुकलीच. वर गणपतीसमोर तू असे काही हात जोडलेस, जणू उशीर त्याला झाला होता. परत येताना त्याच बाईने आपल्याला पोटभर जेवू घातलं, तेव्हा मात्र मी दोनदा वाढून घेतलं.

माझ्या आयुष्याचं काम मला तुझ्याकडून मिळालं, हेही इथेच सांगते. कॉलेजात प्रोग्रॅमिंगचं नाव काढलं की मला रडू यायचं. तू मला तुझ्या टेबलाशी बसवलंस, जुनं कार्ड पुढ्यात ठेवलंस आणि म्हणालास, "आधी ह्याच्याशी बोलून पाहाय. बाकी मंग." मी लिहिलेल्या ओळीने एक दिवा लागला. एवढासा लाल दिवा. त्याच्यावर मी आजवर पोट भरते आहे. वर्ध्यात बसून बाहेरगावच्या कंपनीचं काम करते, आणि सुट्टी आली की देवळीची बस पकडून तुझ्या यंत्रापाशी येत असे.

गेल्या हंगामात ते झालं. एका गाडीच्या कापसात लोखंडी पट्टीचे तुकडे निघाले. पहिल्या नळात ठिणगी पडली, तुझा कोड धावला. झडप बरोबर फिरली. पण तो मालकाला मेसेज पाठवण्यात गुंतलेला असताना दुसऱ्या नळाच्या डोळ्यानेही हाक मारली, आणि ती कोणी ऐकलीच नाही. ठिणगी ढिगात गेली. ढिगाशेजारी कुंताबाई उभी होती, नळाच्या तोंडाशी कापूस लोटणाऱ्या बायांची मुकादम. तिला वास आला. तिने ओलं बारदान ढिगावर टाकलं, बाकीच्या बायांना मागे ढकललं आणि बोंब ठोकली. कोणाला काही झालं नाही. तिच्या लुगड्याचा पदर तेवढा करपला. तू धावत गेलास तेव्हा तो पदर तुझ्यापुढे धरून ती म्हणाली, "विनूभाऊ, तुमच्या मशीनीच्या आधी माह्यं नाक बोललं बरं!"

ती हसत होती. तू हसला नाहीस. त्या दिवशी तू जेवलाही नाहीस, वहिनीने मला फोन करून सांगितलं.

मग तू ठिगळं लावायला बसलास. दुसऱ्या नळासाठी वेगळी खूण, त्या खुणेसाठी वेगळी तपासणी, पहिलं काम चालू असताना दुसरं आलं तर एक वाट, दोन्ही एकदम आली तर आणखी एक. कोड इतका गुंतला की तुझा तुलाच उलगडेना. तेव्हापासून आपलं भांडण जुंपलं.

मी म्हणायची, "भाऊ, आतलं काम कमी कर ना. हाक आली, कोण हाये ते विचार, झडप फिरव, हाकेची खूण पूस अन् बाहेर पड. भोंगा, नोंद, मेसेज हे सारं मागच्या खोलीतल्या दुसऱ्या प्रोग्रॅमले सांग. तो करीन सावकाश."

"म्हंजे आलेल्या माणसाले दारातच सोडाचं?" तुला ते पटतच नव्हतं. "अन् त्याले म्हणाचं, थांब, मागून कोणी तरी येईन? असं नसते, वर्षे. ज्यानं हाक आयकली त्यानंच निस्तराव."

"अन् तोवर दुसरा दारात उभा राहून जळून गेला तं?"

तू चहा बशीत ओतलास आणि गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसलास. मी जिंकले होते, पण मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

त्यानंतर उन्हाळ्यात एकदा मी तुझा कोड ओळीओळीने बघत होते आणि त्या एका ओळीवर अडले. हाकेची खूण पुसायला कार्डाला सांगून झाल्यावर तू ती खूण पुन्हा वाचत होतास आणि ती गेलेली दिसेपर्यंत थांबत होतास. मी म्हटलं, "हे कायले? पुसली म्हंजे पुसली. परत काऊन पाहून राह्यला?"

"ते काढू नको."

"पण काऊन?"

"फाटकापर्यंत जा लागते," तू म्हणालास आणि हसलास. मी डोळे वटारले तेव्हा खुर्ची वळवून नीट समजवायला लागलास, "अवं, हे कार्ड हाये आळशी. तू त्याले पूस म्हणतं ना, तं ते..."

आणि बाहेरून हाक आली. "विनूभाऊऽऽ, हाये का घरी?" कोणाच्या तरी कूलरचा पंप. तू चपला पायात सरकवत म्हणालास, "आलोच. बसजो तू." मी बसले. तुझा चहा गार झाला म्हणून तोही पिऊन टाकला. शेवटची बस चुकू नये म्हणून निघाले तरी तू आला नव्हतास. पुढच्या वेळी दुसराच विषय निघाला. ते वाक्य तसंच अर्धं राहिलं आणि ती ओळ म्हणजे तुझी गंमत आहे असं मी धरून चालले.

फाटकाचं मला ठाऊक होतं, मावशीची शिस्तच होती ती. आलेला माणूस "येतो" म्हणून उठला की त्याच्यासोबत फाटकापर्यंत जायचं, आणि तो रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत दार लावायचं नाही. त्याची पाठ फिरताच कडी वाजली तर तो मनात म्हणतो, सुटले हे लोक. मावशी गेल्यावरही तू ते पाळलंस. पाऊस असला तर डोक्यावर पोतं घेऊन उभा राहायचास. मला बसपर्यंत पोचवायला वेळ नसला तरी फाटकात उभा असायचास, आणि वळणावर मी मागे वळून बघायची, तेव्हा तू हात हलवायचास.

छातीत दुखतं असं तू वहिनीला पोळ्यापासून सांगत होतास म्हणे. हसत हसत. एकदा तिच्या आग्रहाने दवाखान्यात जायला निघालाससुद्धा, आणि वाटेत कोणाच्या तरी विहिरीवरचा स्टार्टर दुरुस्त करून घरी परत आलास. "उद्या जाऊ," म्हणालास. हेच मी तुला सांगत होते रे! तू आत कोणाचं तरी काम करत बसलेला, दार लावून, आणि बाहेर तुझं स्वतःचं काळीज हाका मारून राहिलेलं. मला तुझा राग येतो, विनूभाऊ. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. पण येतो, आणि तो गिळून मी तुझ्याबद्दल गोड गोड लिहू शकत नाही.

तुला नेलं तेव्हा आम्ही बाया फाटकापर्यंत आलो. आपल्याकडे बायांनी तिथेच थांबायचं. मी ठरवलं होतं, तू वळणाआड होईपर्यंत जागची हलायची नाही. तुला उचललं, माणसं चालू लागली, आणि मागून कोणी तरी ओरडलं, "वर्षाताई, वहिनी पडल्या!" मी धावले. पाणी मारलं, कांदा हुंगवला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागली तेव्हा कोणाच्या तरी हवाली करून मी परत फाटकात आले. रस्ता रिकामा होता. गुलाल आणि लाह्या तेवढ्या पडल्या होत्या. तू माझ्या जागी असतास तर तूही वहिनीकडेच धावला असतास, हे मला कळतं. तरी ते मनातून जात नाही.

तर, कोड. तो सोपा करायला बसले आणि पहिल्यांदाच मला कळलं की तो एवढा वाढला कसा. तुझ्या प्रत्येक जादा वाटेमागे कोणी तरी माणूस होता. मेसेज पुन्हा पाठवायची वाट का, तर मालक सासुरवाडीला रोहण्याला गेला होता आणि तिथे शेतात त्याला रेंज नव्हती. भोंगा थोडा लांबवायची वाट का, तर बायांपैकी एकीला कमी ऐकू येतं. पाणी दोनदा सोडायची वाट कुंताबाईच्या पदरानंतरची. मी म्हणत होते फापटपसारा, आणि वाचायला बसले तर एकेकाची काळजी निघत होती. मग काही कापायला माझा हात धजेना. मी काही टाकून दिलं नाही, भाऊ. सगळं उचलून मागच्या खोलीत नेलं. तिथे तुझी सगळी कामं तशीच होतात, रोहण्याच्या मेसेजसकट. दारात मात्र आता एवढंच: कोण ते विचार, झडप फिरव, खूण पूस, बाहेर पड. इतका सुटसुटीत झाला की मी स्वतःवरच खूश झाले. आणि त्याच खुशीत तुझी ती थांबायची ओळ काढून टाकली.

मग चाचणीला जिनिंगवर गेले. पहिला कापूस येऊन पडला होता, कुंताबाई आणि तिच्या बाया हजर होत्या. नवीन पदर, मी मुद्दाम बघितलं. नळ सुरू केले आणि पहिल्या डोळ्यासमोर लायटर पेटवला. झडप खाडकन फिरली, कापूस अंगणात पडला, भोंगा वाजला. सगळ्या बाया "अरे व्वा!" म्हणाल्या. मी लायटर खिशात ठेवला. भोंगा पुन्हा वाजला. झडप मिटायच्या आधीच परत उघडली. पुन्हा भोंगा. पुन्हा. चांगला कापूस भसाभस अंगणात, मालक डोक्याला हात लावून उभा आणि त्याच्या फोनवर मेसेजवर मेसेज. शेवटी मी मेन स्विच ओढला.

कुंताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एकच डाव पेटवला ना व बाई? मंग हे काऊन घडीघडी बोंबलून राह्यलं? पाहुणा गेला म्हणावं त्याले!"

मी तिथेच कापसात बसले. तुझं अर्धं वाक्य त्या बाईने पुरं केलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. कार्ड आळशी आहे. मी त्याला खूण पूस म्हटलं, त्याने ऐकलं, पण हात उचलायला त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्यात मी पाठ फिरवून पुढच्या हाकेला दार उघडून मोकळी. खूण अजून तिथेच. मग तीच ठिणगी पुन्हा नवी हाक होऊन दारात. तू म्हणूनच थांबत होतास. गेला असं समजायचं नाही, गेलेला बघायचा. फाटकापर्यंत.

बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं मी यंत्र बिघडलं म्हणून रडते आहे. कुंताबाई शेजारी बसली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे व माय. मशीनच हाये. होईन नीट."

झालं नीट. तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन तुझी ओळ जिथल्या तिथे परत ठेवली. मग दोन्ही डोळ्यांची चाचणी घेतली. एका नळाशी लायटर घेऊन मी, दुसऱ्याशी कुंताबाई. तिने डोळे घट्ट मिटून पेटवला. दोन्ही झडपा पाठोपाठ वाजल्या, खाड, खाड. भोंगा क्षणभर मागाहून आला. दोन डावांचे दोन भोंगे, एकही जास्त नाही. ढिगाकडे काही गेलं नाही. कुंताबाईने डोळे उघडले, ढीग बघितला आणि म्हणाली, "आता माह्या नाकाले सुट्टी."

आपलं भांडण असं मिटलं बघ. दारात रेंगाळू नये, हे माझं खरं. जाणारा गेल्याशिवाय पाठ फिरवू नये, हे तुझं खरं. दोन्ही एकाच कोडमध्ये गुण्यागोविंदाने राहतात. आपल्याला समोरासमोर बसून हे पाच मिनिटांत सापडलं असतं, पण ती पाच मिनिटं तू कोणाच्या तरी कूलरला दिलीस. जाऊ दे. तो बिचारा उकाड्यात बसला असेल.

जिनिंगवरून घरी आले. वहिनी चहा टाकत होती तोच फाटकाशी हाक आली, "विनूभाऊऽऽ!" तिच्या हातातला कप खाली आपटला. मी बाहेर गेले. लांबच्या खेड्यावरून आलेला एक म्हातारा होता, पिशवीत मिक्सर घेऊन. त्याला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याने पिशवीचे बंद घट्ट धरले. "मले तं कोणीच नाई सांगतलं," म्हणाला. मग मिक्सर परत नेऊ लागला तेव्हा मी तो त्याच्या हातातून घेतला. म्हटलं, ठेवून जा बावा, मला येत नाही, पण करवून देते कोणाकडून तरी. त्याने डोळे पुसले आणि "येतो माय" म्हणाला.

मी त्याच्यासोबत फाटकापर्यंत गेले. तो हळूहळू चालत होता. वळणावर त्याने मागे बघितलं, मी हात हलवला. तो दिसेनासा झाला तरी मी तिथेच उभी राहिले, कारण त्या दिवशी त्याच रस्त्याने तू गेलास आणि मला आतून हाक आली होती.

आज कोणी हाक मारत नाहीये, विनूभाऊ. वहिनी आत चहा पिते आहे, जिनिंग सुरू झालं आहे. तू निघ आता, सावकाश. तू वळणाआड होईपर्यंत मी दार लावत नाही.